पॉइंट एकतीस

लॅबमध्ये तिला सगळे सुईताई म्हणत. तिने रक्त घेतलं की सुई कधी गेली आणि कधी आली ते कळत नाही, अशी तिची ख्याती होती. दोनदोन गल्ल्या ओलांडून म्हातारी माणसं तिच्याकडे येत आणि काउंटरवर सांगत, "सुईताई असतील तरच देतो, नाहीतर उद्या येतो." लॅब ज्यांची होती त्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना सगळे मॅडम म्हणत. नव्या मुलींना शिकवताना मॅडम सांगायच्या की शीर डोळ्यांनी दिसते असं समजू नका, ती बोटाला लागते, सुईताईचं बोट बघा.

सकाळी सात ते दहा रक्त घ्यायचं, मग आतल्या खोलीत जाऊन नळ्या फिरवायच्या, मशीनवर लावायच्या, दुपारपर्यंत रिपोर्ट तयार करून मॅडमच्या सहीला द्यायचे. चौदा वर्षं हेच काम. छत्तिसावं चालू होतं. लग्न झालं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे विचारायचंही आता सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सात वर्षं ते खाटेवर होते. आईला एकटीला त्यांना कुशीवर वळवणं झेपत नसे, म्हणून लॅब सुटली की ती धावत घरी यायची. वळवायचं, पुसायचं, भरवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावायची. धाकटी बहीण तेव्हा शिकत होती, मग तिला नोकरी लागली, मग तिचं लग्न झालं. घरात एकीचं तरी वेळेवर व्हायला हवं असं आई म्हणाली होती, आणि ते सुईताईलाही पटलं होतं.

त्याच काळात लॅबच्या इमारतीत तळमजल्यावर एक चष्म्यांचं दुकान होतं. दुकान चालवणारा तिच्याच वयाचा होता. लॅबमधल्या मुली त्याला नुसतं चष्मेवाला म्हणत, आणि तो वर चहा प्यायला आला की एकमेकींना कोपराने ढोसत. वर्षभर तो येत राहिला. तिने त्याला घरची सगळी परिस्थिती सांगितली होती आणि तो थांबतो म्हणाला होता. मग हळूहळू त्याचं येणं कमी झालं, पुढे त्याने दुकानच दुसऱ्या भागात हलवलं. तो कंटाळला असणार, असं तिने स्वतःला समजावलं. खाटेवरच्या माणसाला कंटाळा येत नाही, पण बाहेर थांबलेल्याला येतो, त्यात त्याची काय चूक.

वडील गेले. जुनं घर सोडलं. आई धाकटीकडे राहायला गेली आणि सुईताईने लॅबपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिले काही महिने संध्याकाळी सहा वाजले की तिचे पाय आपोआप घाईला लागायचे. मग आठवायचं की घरी कुणी वाट बघत नाही. ती चाल कमी करायची, दुकानांच्या काचांत बघत रेंगाळायची, तरी घरी पोहोचल्यावर घड्याळात साडेसहाच वाजलेले असायचे.

धाकटीच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: पाळीच्या दुसऱ्या दिवशीचे हार्मोन, थायरॉइड आणि एएमएच. धाकटीला लहानपणापासून सुईची दहशत. आईने फोन करून सांगितलं की ती तुझ्याशिवाय कुणाकडे हात पुढे करायची नाही, तूच बघ.

धाकटी सकाळी साडेसातला आली. खुर्चीत बसली, बाही वर केली आणि लगेच खाली ओढून घेतली. हात बर्फासारखे गार पडले होते.

"तू आधी दे," ती म्हणाली. "मग मी देते."

लहानपणी हे असंच चालायचं. कडू औषध असलं की आधी ताईने चमचाभर घ्यायचं, मगच धाकटी तोंड उघडायची. आजारी एकटी धाकटी असायची, पण औषध दोघींच्या पोटात जायचं. सुईताईला हसू आलं. बाहेर रांग होती, वाद घालण्यात वेळ गेला असता. तिने पट्टा स्वतःच्या डाव्या दंडाला गुंडाळला, एक टोक दातांत धरून आवळला आणि उजव्या हाताने सुई घातली. पिवळ्या टोपणाची एक नळी भरली.

"बघ. काही झालं?"

धाकटीने डोळे मिटून हात पुढे केला. तिचं रक्त घेऊन झालं तेव्हा ती म्हणाली, "घेतलंस का?" आणि मग दोघी हसल्या.

दहानंतर आतल्या खोलीत नळ्या लावताना स्वतःची नळी तिच्या हातात आली. ती फेकून द्यायची होती. पण रक्त चांगलं निघालं होतं, छान गोठलं होतं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नळ्या जपणाऱ्या बाईच्या जिवावर आलं ते. तिने त्यावर नुसता नंबर चिकटवला, नाव घातलं नाही, वय छत्तीस टाकलं आणि एएमएच लावलं. मॅडमना नंतर सांगू, रागावणार नाहीत. मनात तेव्हा एवढंच होतं, यापलीकडे काही नव्हतं, असं ती पुढे स्वतःला सांगत असे. ते खरं होतं की नाही, हे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

एएमएच म्हणजे काय हे तिला पाठ होतं. बाईच्या बीजांडकोशात किती बीजं शिल्लक आहेत, याचा रक्तातून मिळणारा अंदाज. अठरा मिनिटांत मशीन आकडा देतं.

धाकटीचा आकडा आला दोन पॉइंट आठ. अगदी उत्तम. सुईताईचा आला पॉइंट एकतीस.

तिने कंट्रोल, म्हणजे मशीन नीट चालतंय ना हे दाखवणारा ठरलेला नमुना, तपासला. तो बरोबर होता. नळी पुन्हा लावली आणि अठरा मिनिटं खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एरवी त्या वेळात ती चार कामं उरकायची. दुसऱ्यांदा पॉइंट एकोणतीस आला.

लॅबचा नियम होता की आकडा पॉइंट पाचच्या खाली आला तर रिपोर्ट नुसता पाठवायचा नाही, आधी फोन करून कळवायचं. कोणाला कळवलं आणि किती वाजता, हे भरल्याशिवाय संगणक ती नोंद बंद करू देत नसे. सुईताईने असे फोन पुष्कळ केले होते. आवाज कसा ठेवायचा, डॉक्टरांना भेटा हे कसं सांगायचं, पलीकडे शांतता पसरली तर किती वेळ थांबायचं, हे सगळं तिला जमत होतं. तिने रकान्यात लिहिलं, "संबंधित व्यक्तीला." वेळ घातली, अकरा पन्नास. नोंद बंद झाली.

संध्याकाळी तिने धाकटीला फोन करून सांगितलं की सगळं छान आहे, थायरॉइड तेवढं थोडं इकडेतिकडे आहे, बारीकशा गोळीने सुधारेल. धाकटी रडायलाच लागली. मग आईने फोन घेतला. आईचा आवाज कित्येक महिन्यांत इतका मोकळा ऐकू आला नव्हता. ती बराच वेळ बोलत होती, धाकटीच्या सासूने काय म्हटलं होतं, जावई कसा गप्प गप्प असायचा. शेवटी म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तुला ही असली कटकट नाही."

"हो," सुईताई म्हणाली.

तिने फोन ठेवला. वाईट नेमकं कशाचं वाटतंय हे तिला सापडत नव्हतं. मूल हवं असं ती कधी म्हणाली नव्हती, नको असंही म्हणाली नव्हती. तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. धाकटीच्या आकड्याची पाच माणसं वाट बघत होती. हिच्या आकड्याची वाट कुणीच बघत नव्हतं, ती स्वतःसुद्धा नाही.

दोन महिने तिने काही केलं नाही. फक्त एक फरक पडला. सकाळी रक्त घेताना नळीवर एएमएच लिहिलेलं असलं की ती बाईच्या चेहऱ्याकडे बघायची. बहुतेकींबरोबर कुणीतरी असायचं. नवरा, बहीण, सासू. पर्स धरायला, कापूस दाबायला. एकटी आलेली असली तर सुईताई कापूस स्वतः जरा जास्त वेळ दाबून धरायची.

मग एका सोमवारी तिने अर्धी रजा टाकली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेली, जिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही. तिथे पुन्हा रक्त द्यावं लागलं. रक्त घेणारी मुलगी नवखी होती, तिला शीर सापडेना. तिने दोनदा टोचलं. दुसऱ्यांदा सुई आत फिरवली तेव्हा सुईताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी घाबरून माफी मागू लागली. सुईताई म्हणाली की काही नाही, थोडं बाहेरच्या बाजूला बघ, तिथे आहे.

डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली, आकडा पाहिला, तिने आपण लॅबमध्ये काम करतो हे सांगितल्यावर जास्त समजावत बसल्या नाहीत.

"हा आकडा किती उरलीत ते सांगतो," त्या म्हणाल्या. "मूल होईल की नाही, ते नाही सांगत. पण वेळ कमी आहे हे खरं. तुम्हाला मूल हवंय का?"

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नसायला हरकत नाही. पण ते कळायला आणखी पाच वर्षं लागणार असतील, तर आत्ताच काहीतरी करून ठेवावं लागेल."

करून ठेवायचं म्हणजे बीजं काढून गोठवायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की फार मिळणार नाहीत. दोन मिळतील, तीन मिळतील, कदाचित एकही नाही. मिळाली तरी त्यातून मूल होईलच असं कुणी लिहून देणार नाही. सुईताईने घरी येऊन आठवडाभर विचार केला, म्हणजे विचार करायला बसली आणि उठून भांडी घासली, असं सात वेळा झालं. आठव्या दिवशी तिने होकार कळवला. का, हे तिला सांगता आलं नसतं. तिने एवढंच पाहिलं की नाही म्हणायला फोन उचलला की आपण तो परत खाली ठेवतोय.

इंजेक्शनं दहा दिवस, रोज संध्याकाळी सातला, पोटावर. इतर बायकांना त्यासाठी नर्सकडे जावं लागे, हिला ते लागणार नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी राहायची, चिमटीत कातडी धरायची आणि सुई घालायची. स्वतःची सुई स्वतःला मात्र कळायची. पाचव्या दिवसापासून पोट जड झालं, विनाकारण रडू यायला लागलं. लॅबमध्ये सगळ्यांना वाटलं पित्त झालंय. मॅडमनी लिंबूपाणी मागवून दिलं.

त्याच आठवड्यात धाकटीला दिवस गेल्याचं कळलं. फोनवर सगळे एकदम बोलत होते. सुईताईही हसली, आनंदच झाला होता तिला, खोटा नव्हता. डॉक्टरांनी धाकटीला पहिले तीन महिने विश्रांती सांगितली होती.

नवव्या दिवशी नर्सने एक कागद भरायला दिला. बीजं काढताना भूल देणार, म्हणून घरी घेऊन जायला जबाबदार माणूस हवं. त्याचं नाव, नातं, सही. सुईताई म्हणाली की मी टॅक्सीने जाईन, जवळच राहते. जवळ ती राहत नव्हती. नर्सने मान हलवली. "सोबत कुणी नसेल तर घेत नाही आम्ही."

ती कागद घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. लॅबमधल्या मुली आल्या असत्या, पण दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. मॅडमना विचारायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. धाकटीला हलायचं नव्हतं. तिने फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. निम्मी पेशंटची होती. सात वर्षांत मैत्रिणी एकेक करून सुटल्या होत्या, त्यांचं चुकलं नव्हतं, हिलाच कधी कुणाकडे जायला जमलं नव्हतं.

तिने आईला फोन केला. एक छोटं ऑपरेशन आहे, सकाळी नेतील, दुपारी सोडतील, येशील का.

"गाठ आहे का गं?"

"नाही. ये तू. सांगते नंतर."

आई आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन आली. या दोन खोल्यांत ती पहिल्यांदाच राहायला आली होती. तिने कपाट उघडून पाहिलं, ओटा पुसलेलाच होता तो पुन्हा पुसला, आणि एकच उशी आहे हे बघून स्वतःची शाल घडी करून डोक्याखाली घेतली. काही विचारलं नाही. सुईताईनेही सांगितलं नाही.

सकाळी आत नेताना आईने तिची चप्पल हातात घेतली आणि ती तशीच छातीशी धरून बाहेर उभी राहिली. सुईताईला शुद्ध आली तेव्हा पडदा ओढलेला होता आणि डॉक्टर सांगत होत्या की तीन हाती लागली, त्यातली दोन चांगली आहेत, गोठवली. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

टॅक्सीतून आईनेच तिला धरून उतरवलं. घरी आल्यावर तिने काहीतरी पातळ, मऊ शिजवलं आणि ताटली घेऊन पलंगाच्या कडेला बसली. दुपारचं ऊन जमिनीवर आलं होतं.

"नर्स बाहेर येऊन म्हणाली, दोन चांगल्या मिळाल्या," आई म्हणाली. "मला वाटलं गाठी. म्हटलं, गाठी कसल्या चांगल्या? मग तिने सांगितलं सगळं."

सुईताई छताकडे बघत होती.

"मला का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते. तूच म्हणालीस, मला ती कटकट नाही."

आईने ताटली खाली ठेवली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. मग म्हणाली, "तो चष्मेवाला घरी आला होता."

"कधी?"

"बाबा खाटेवर पडून दीड वर्ष झालं होतं तेव्हा. तू कामावर होतीस. तो म्हणाला, लग्न करून आम्ही जवळच राहू, मीही येत जाईन मदतीला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, तिचा विचार नाही, तिला त्रास देऊ नका." आईने पदर सोडून दिला. "मला भीती वाटली. तू गेलीस तर मी एकटी त्यांना कशी उचलणार. दुसरं काही नव्हतं मनात. आणि तुला सांगितलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. सुईताईने तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

तिला ओरडावंसं वाटलं नाही. तिला फक्त आठवत होतं की तो कंटाळला असं समजून आपण त्याला किती वर्षं मनातल्या मनात माफ करत होतो. त्याला माफीची गरजच नव्हती. आता त्याला दोन मुलं होती, कुणीतरी सांगितलं होतं.

"मला झोपायचंय," ती म्हणाली.

आई तीन दिवस राहिली. वेळेवर खायला दिलं, कपडे धुतले, पडदे काढून धुतले. निघताना आई दारात थांबली, तिच्या केसांवरून हात फिरवावा की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी म्हणाली, "मी फार वाईट केलं का गं?"

सुईताईने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, ती रोज पेशंटना म्हणायची, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल.

"हो," ती म्हणाली. मग आईची पिशवी उचलून खाली टॅक्सीपर्यंत नेऊन दिली, कारण आईचे गुडघे दुखत होते.

नंतरचे काही आठवडे खोल्या आधीपेक्षा मोठ्या वाटल्या. आई रविवारी फोन करायची, दोघी धाकटीच्या तब्येतीचं बोलायच्या. त्यातून बाहेर यायला दोघींनाही वाट सापडत नव्हती. मॅडमना मात्र सुईताईने एका दुपारी सगळं सांगितलं, स्वतःची नळी लावल्यापासून. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या वेळी नाव घालून लाव एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तिला पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत सोबत केली, जे त्यांनी चौदा वर्षांत कधी केलं नव्हतं.

धाकटीला मुलगी झाली. दोन महिन्यांची झाल्यावर एके दिवशी धाकटीचा फोन आला, आईने तिला सांगितलं होतं. ती रागावेल, मला परकी केलंस म्हणेल, अशी सुईताईची तयारी होती. पण तसं काही झालं नाही.

"दुखलं का तुला?" धाकटीने विचारलं.

एवढ्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, आईनेही नाही. सुईताई ओट्याला टेकली.

"दुखलं," ती म्हणाली. "बरंच दुखलं."

मग ती सांगायला लागली. संध्याकाळी सातची इंजेक्शनं, त्या नवख्या मुलीने दोनदा टोचलं ते, नर्सचा कागद. मध्येच बाळ रडायला लागलं. धाकटी म्हणाली, थांब, हिला घेते आणि लगेच करते. सुईताई हो म्हणाली आणि फोन हातात धरून उभी राहिली. अर्धा तास गेला, तास गेला. तिने जेवून घेतलं. फोन आला नाही. लहान बाळाच्या घरात असं होतंच, हे तिला समजत होतं.

सकाळी सव्वासहाला ती लॅबला निघायच्या तयारीत होती तेव्हा फोन आला. धाकटीचा आवाज झोपेने जड होता. कालची माफी वगैरे काही न मागता तिने विचारलं, "हं, तर त्या नर्सने कागद दिला. मग?"

सुईताईने घड्याळ बघितलं. पोहोचायला उशीर झाला असता. तिने पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.